किल्ली कोणाकडे?

आपल्या मराठीत एक छान शब्द आहे : समाजमंदिर. सभा, लग्नं, भजन, व्यायाम, वाचन, सगळ्यांसाठी एकच छप्पर! पण गावोगाव फिरताना मला दाराला कुलूप घातलेली कितीतरी समाजमंदिरं दिसली. किल्ली कोणाकडे असं विचारलं, तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. उलट एखादी पडकी जागा मात्र माणसांनी गजबजून जाते. असं का होत असेल बरं?

याचं उत्तर आपल्याच नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात सापडतं. पारनेर तालुक्यातलं राळेगण सिद्धी हे कमी पावसाचं गाव. १९७५ साली अण्णा हजारे लष्करातली नोकरी संपवून इथे परतले. तेव्हा गावात दारूच्या भट्ट्या होत्या आणि संत यादवबाबांचं देऊळ मोडकळीला आलं होतं. देवळाची लाकडंसुद्धा लोकांनी भट्टीत जाळली होती म्हणे! अण्णांनी आपल्या साठवलेल्या पैशांतले सुमारे २०,००० रुपये देवळाच्या दुरुस्तीला लावले. हे पाहून गावकरीही श्रमदानाला येऊ लागले.

देऊळ उभं राहिलं आणि गावाला एकत्र बसायला जागा मिळाली. तिथे सभा होऊ लागल्या. तरुण मंडळ उभं राहिलं. भट्ट्या बंद करायचं ठरलं तेही देवळातच. पुढे धान्य बँक निघाली. ज्याच्याकडे जास्त पिकेल त्याने धान्य द्यायचं, ज्याला नड असेल त्याने न्यायचं आणि पीक आलं की थोडं वाढवून परत करायचं. पाणी अडवण्याचे बांध आणि शाळा यांनाही गावाचे हात लागले.

एक गोष्ट मात्र मला खटकते. दारू सोडत नाही म्हणून तिथे काही माणसांना खांबाला बांधून मारलं गेलं. दारूने घरं उद्ध्वस्त होत होती, हे खरं. तरीही जी जागा सगळ्यांची, तिथल्या माणसाला असा मार बसावा हे मला पटत नाही.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतही याचा विचार करायची वेळ आली. एक किराणा दुकान कित्येक वर्षं बंद होतं. मालक म्हणाले, ‘‘पडूनच आहे, वापरा.’’ झालं! रविवारी सगळी पोरं जमली. शटर अडकलं होतं, त्याला तेल पाजलं. फरशीवर तेला-गुळाचा चिकट थर होता, तो सोडा टाकून काथ्याने घासला. भिंतींना चुना दिला. शेजारच्या वायरमन काकांनी दिवे फुकट बसवून दिले, एका आजींनी सतरंजी दिली. डाळी-साखरेच्या फळ्यांवर गोष्टींची पुस्तकं बसली!

पण महिन्याभरात कुरबुर सुरू झाली. मोठी मुलं संध्याकाळभर कॅरम मांडून बसायची. मुली दारात यायच्या, आत डोकावायच्या नि परत जायच्या. काही मोठी माणसं चिडून म्हणाली, ‘‘कॅरम फेकून द्या, त्या पोरांना हाकलून लावा!’’

आम्ही तसं केलं नाही. सगळ्यांना सतरंजीवर बसवलं. बराच वेळ कोणी बोलेना. मग सातवीतली एक मुलगी म्हणाली, ‘‘फरशी आम्हीपण घासलीय.’’

एवढंच! पण त्यावर कोणाला काही बोलता येईना. कॅरमवाल्यांपैकीच एकाने सुचवलं, की सातपर्यंत वाचन नि अभ्यास, नंतर कॅरम. आणि ज्या मुलींना खेळायचंय, त्यांनाही डाव मिळालाच पाहिजे.

मला वाटतं, राळेगणच्या देवळाचं गुपितही हेच असावं. जिथे आपण घाम गाळतो, तिथे आपल्याला बोलायचा हक्क वाटतो. आयत्या मिळालेल्या इमारतीत तो वाटत नाही, म्हणून तिला कुलूप लागतं. तुमच्या गावातही एखादी बंद खोली असेल. मालकाची परवानगी घ्या, मोठ्यांना सोबत घ्या, पण झाडू स्वतः हातात धरा. आणि ज्याने झाडू धरला, त्याचं म्हणणं ऐकून घ्या.

आमच्या दुकानाची किल्ली दर आठवड्याला वेगळ्या घरी असते. आज ती कोणाकडे आहे, हे गल्लीतलं कुठलंही पोर सांगेल!