आधी श्वास

रे चार्ल्स, बिल विदर्स, ओटिस रेडिंग, जॉन ली हूकर ही नावं मला दिली मनोरीच्या एका ट्रम्पेटवाल्याने. ते दिवसा मालाडच्या एका कारखान्यात फिटर होते आणि लग्नसराईत गावच्या बँडमध्ये वाजवत. मी त्यांना अंकल म्हणत असे, इथेही तेवढंच म्हणतो. आपलं नाव छापून यावं असं त्यांना कधी वाटलं नाही. त्यांचं माझ्यावरचं ऋण संगीताचं आहेच, पण त्याच्याही आधी ते बोलण्याचं आहे. लहानपणी मी फार अडखळत असे. ‘क’ने सुरू होणारा शब्द आला की घसा आवळायचा. वर्गात हजेरी चालू झाली की माझा नंबर जवळ येईपर्यंत तळहात ओले व्हायचे, कारण ‘हजर’ हासुद्धा माझ्यासाठी सोपा शब्द नव्हता.

आई मनोरीच्या मराठी शाळेत शिक्षिका होती. वडील एसटीत, कायम फिरतीवर. अंकलच्या घराची मागची खोली आम्ही भाड्याने घेतली होती. मनोरी मुंबईतच मोडते, पण मालाडहून मार्व्याला जायचं आणि फेरीबोटीने खाडी ओलांडायची, नाहीतर भाईंदरहून उत्तन-गोराईचा मोठा वळसा घालायचा. पावसाळ्यात खाडी खवळली की गाव गावापुरतं उरायचं. गावात कोळी होते आणि मोठी वस्ती ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची होती. घरात मराठी, त्यांच्या खास वळणाची. म्हाताऱ्या बायका लुगडं नेसून चर्चला जात. आई अंकलना भाऊ म्हणे, ते आईला बाई म्हणत.

ईस्ट इंडियनांच्या लग्नांमध्ये बँड हवाच. लग्नाआधी उंबराचं पाणी आणायला बायका विहिरीवर निघतात, त्यांच्या पुढेही बँड चालतो. ही पितळी वाद्यं इथे आली ती इंग्रजांच्या पलटणींमधून. पुढे ती पलटणीतून सुटून गावागावांत गेली, लग्नात आणि अंत्ययात्रेत रुळली. अंकलचा धाकटा भाऊ जहाजावर होता. त्याचं जहाज न्यू ऑर्लिन्सला लागलं असताना त्याने तिथल्या काळ्या लोकांच्या वस्तीत अंत्ययात्रेपुढे चालणारा बँड पाहिला होता. दफनभूमीकडे जाताना संथ स्तोत्रं, परतताना नाचाच्या चाली. हे त्याने घरी येऊन सांगितलं तेव्हा अंकल उडालेच. तिकडचे बँडही मूळचे लष्करी बँडच, यादवी युद्धानंतर गुलामीतून सुटलेल्या माणसांच्या हाती आलेले. मला आजही हे विलक्षण वाटतं की एकाच तऱ्हेच्या वाद्यांमधून तिकडे जॅझ उभा राहिला आणि इकडे आमच्या लग्नाची वरात.

त्या भावानेच रेकॉर्डी आणल्या. प्रत्येक खेपेला थोड्या, कपड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळून. घरात एचएमव्हीची रेकॉर्डी वाजवायची फिएस्टा होती, पेटीसारखी मिटणारी, बॅटरीवरही चालणारी. रात्री जेवणं झाली की अंकल ती ओट्यावर आणून ठेवत. समोर बोंबील सुकवायचे बांबूचे मांडव, पलीकडे माड, आणि ओट्यावर ओटिस रेडिंग. ‘डॉक ऑफ द बे’ हे त्याचं गाणं आमच्या घरी लागलं तोवर तो या जगात नव्हता. डिसेंबर १९६७ मध्ये त्याने ते मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत पुरं केलं आणि काही दिवसांतच, १० तारखेला, विमान कोसळून तो गेला. वय सव्वीस. गाणं जानेवारी १९६८ मध्ये बाहेर आलं. त्यातला लाटांचा आणि समुद्रपक्ष्यांचा आवाज गिटारवाला स्टीव्ह क्रॉपर याने मागाहून घातला. अंकलना त्याचं शेवटचं शीळ घालणं अतिशय आवडे. ते म्हणत, "शब्द संपले तरी माणूस थांबला नाही बघ."

ते गाणं ऐकायला सोपं आहे. माझ्यावर उपकार केले ते मात्र दुसऱ्या गाण्याने, रे चार्ल्सच्या ‘व्हॉट्ड आय से’ने. १९५९ सालचं हे गाणं त्याने बसून लिहिलेलंच नाही. एका नाचाच्या रात्री ठरलेली सगळी गाणी वाजवून संपली आणि वेळ उरला. तेव्हा त्याने साथीदारांना सांगितलं की मी जे वाजवेन त्याच्या मागे या, आणि गाणाऱ्या बायकांना सांगितलं की मी जे म्हणेन ते परत म्हणा. गाण्याच्या उत्तरार्धात शब्द उरतच नाहीत. तो एक हुंकार टाकतो, त्या बायका तो परत करतात. तो लांबवतो, त्या लांबवतात. ही रीत त्याला चर्चमधून मिळाली होती. तिथे धर्मोपदेशक एक ओळ म्हणतो आणि समुदाय उत्तर देतो. देवाच्या घरातली रीत नाचघरात नेली म्हणून त्याला पुष्कळ बोल लागले. माझ्या मते सोल संगीत ज्याला म्हणतात त्याचा जन्म याच ओलांडण्यात आहे. सॅम कुक चर्चच्या गाण्यांतून बाहेर पडला, अरीथा फ्रँकलिन डेट्रॉइटमध्ये आपल्या वडिलांच्या चर्चमध्ये गात मोठी झाली. सगळ्यांची पहिली शाळा तीच. अंकलना यात नवल वाटलं नाही. तेही ट्रम्पेट हातात येण्याआधी मनोरीच्या चर्चमध्ये गायचे.

एका संध्याकाळी मी त्या हुंकारांना बायकांबरोबर उत्तर देत होतो. अंकल आतून ऐकत असावेत. त्यांनी रेकॉर्ड बंद केली, ट्रम्पेट काढला, कर्ण्यात म्यूट बसवला आणि रे चार्ल्सची जागा स्वतः घेतली. दोन सूर. मी आवाजाने तेच दोन सूर परत केले. तीन सूर. तेही परत केले. मी कुठेच अडलो नाही. त्या वेळी अंकल काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून रोज थोडा वेळ हा खेळ होऊ लागला, आणि हळूहळू हुंकारांच्या जागी शब्द आले. चार सूर वाजत आणि मी म्हणायचं, कां-दि-व-ली. तीन वाजत आणि मी म्हणायचं, मा-ला-ड. मग को-ळं-बी. मग माझं स्वतःचं नाव, जे मला अनोळखी माणसापुढे कधीच सांगता येत नसे.

"आधी श्वास," ते म्हणत. "फुंकर नाही तर सूर कुठून येणार? पहिलं पोट भरून घे, मग तोंड उघड. घाई करू नको, बँड तुझ्यासाठी थांबलाय."

अडखळणाऱ्या बहुतेक माणसांना गाताना अडचण येत नाही, हे मला पुष्कळ नंतर एका वाचा-उपचारतज्ज्ञाने सांगितलं. गाण्यात स्वर लांबवलेला असतो, लय ठरलेली असते, पुढे काय येणार ते माहीत असतं. अंकलना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी ऐकलं आणि ओळखलं. पुढे ट्रम्पेट गेला आणि फक्त पायाचा ठेका राहिला. मग तोही गेला. माझं अडखळणं समूळ गेलं असं नाही, फोनवर आजही कधीतरी ‘क’ अडतो. पण वर्गात उभं राहून मी धडा वाचला, आणि आई, जी कधी कुणापुढे रडायची नाही, त्या दिवशी अंकलच्या ओट्यावर येऊन रडली.

मोठेपणी या संगीताबद्दल वाचत गेलो तेव्हा कळलं की या वाटेवर माझ्यासारखे बरेच होते. मिसिसिपीतून आलेला जॉन ली हूकर डेट्रॉइटच्या मोटारींच्या कारखान्यात झाडलोट करत असे. १९४८ मध्ये त्याने ‘बूगी चिलन’ ध्वनिमुद्रित केलं, फक्त गिटार, आवाज आणि पायाचा ठेका. तो बोलताना अडखळे, गाताना नाही. आणि बिल विदर्स. वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणवस्तीतला. तो तर पंचविशी उलटेपर्यंत अडखळत होता. आधी नौदलात नोकरी, मग विमानांची शौचालयं बनवणाऱ्या कारखान्यात. १९७१ मध्ये त्याची पहिली रेकॉर्ड आली, तिच्या वेष्टनावर तो कारखान्याबाहेर जेवणाचा डबा हातात घेऊन उभा आहे. ती रेकॉर्ड जहाजावरून आली तो दिवस मला लख्ख आठवतो. अंकल कामावरून परतले होते, त्यांचा स्वतःचा डबा अजून हातात होता. त्यांनी ते चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हा आपल्यातला आहे." विदर्सच्या अडखळण्याबद्दल त्यांना किंवा मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी ते वेष्टन उशाशी घेऊन झोपलो असतो.

मनोरी सोडून आम्ही बोरिवलीला राहायला गेलो. कॉलेजात असताना, १९७८ साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीचं ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगभूमीवर आलं. ब्रेख्तच्या नाटकाचं पुलंनी केलेलं मराठी रूप, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. त्यात नंदू भेंडे गात होते. आत्माराम भेंड्यांचा हा मुलगा इंग्रजी रॉक गाणारा. अलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्याने जुडासचं काम केलं होतं. मराठी शब्द रॉकच्या ठेक्यावर, आणि त्याच नाटकात नाट्यसंगीताच्या वळणाची गाणीही. माझ्या ओळखीच्या काही शहाण्या लोकांना हा धुडगूस वाटला. मला वाटलं, माझ्या दोन कानांत वेगवेगळं वाजणारं पहिल्यांदा एकत्र वाजतंय. मराठीने नंदू भेंड्यांना पुरेसं जपलं नाही, हे मला २०१४ मध्ये ते गेले तेव्हा फार जाणवलं. नाटक पाहिल्यावरच्या रविवारी मी फेरीबोट पकडून मनोरीला गेलो आणि अंकलना सगळं नाटक सांगितलं, गाण्यांसकट. अंकलच्या पत्नी, आंटी, पानात फुगे आणि खुडी वाढत होत्या. मध्येच थांबून त्या म्हणाल्या, "हा किती बोलतो आता!"

अंकलनी मला ऐकवलेल्या या संगीतात देण्याघेण्याचा हिशोब फार वाईट आहे. मडी वॉटर्सच्या १९५० सालच्या गाण्यावरून रोलिंग स्टोन्सने नाव घेतलं, निदान ते उघडपणे मान्य तरी केलं. लेड झेपेलिनला विली डिक्सनच्या गाण्याचं देणं चुकतं करायला कोर्टापर्यंत जावं लागलं. बिग मामा थॉर्नटनने ‘हाउंड डॉग’ १९५२ मध्ये गायलं, पैसा मिळाला तो १९५६ मध्ये ते गाणाऱ्या एल्विसला. आणि ब्लूजची सम्राज्ञी म्हटली जाणारी बेसी स्मिथ १९३७ मध्ये मोटार अपघातात गेली, त्यानंतर तीस वर्षांहून जास्त काळ तिच्या थडग्यावर साधा दगडही नव्हता. १९७० च्या ऑगस्टमध्ये तो बसला. निम्मे पैसे जॅनिस जॉप्लिनने दिले, जी स्वतः दोन महिन्यांत गेली. बातम्यांत नाव तिचंच राहिलं. उरलेले निम्मे दिले ह्वानिटा ग्रीन नावाच्या बाईने, जी लहानपणी बेसीच्या घरी फरशी पुसायची. जॉप्लिनने गुरुदक्षिणा दिली, ती मोठीच. पण मला ग्रीनबाईंची निम्मी रक्कम जास्त मोठी वाटते. त्या बेसीला रेकॉर्डवरून ओळखत नव्हत्या, घरातून ओळखत होत्या. मीही अंकलना घरातून ओळखतो.

२०११ च्या फेब्रुवारीत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव पहिल्यांदा भरला आणि बडी गाय येणार असं कळलं. १९३६ सालचा, लुइझियानातल्या शेतमजुराचा मुलगा. अंकलही १९३६ चे. मी मनोरीला गेलो आणि त्यांना घेऊनच आलो. आंटींची एक बहीण वांद्र्याला होती, रात्री तिच्याकडे मुक्काम ठरला. अंकलनी चर्चला घालायचा कोट घातला. मेहबूब स्टुडिओचं दार पाहून ते म्हणाले की तरुणपणी इथल्या एका ध्वनिमुद्रणाला बदली वादक म्हणून त्यांना बोलावणं आलं होतं, पण खाडी खवळलेली होती आणि बोट सुटली नाही. इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

बडी गायच्या हातात ठिपक्यांची गिटार होती. तिची कथा मी अंकलना तिथेच रांगेत सांगितली. १९५७ मध्ये घर सोडून शिकागोला जाताना त्याने आजारी आईला सांगितलं की मी खूप कमावीन आणि तुला ठिपक्यांची कॅडिलॅक गाडी पाठवीन. आईला धीर यावा म्हणून सांगितलेलं खोटं. ती गाडी कधी गेली नाही, आणि आईने त्याला मंचावर वाजवताना कधी पाहिलंही नाही. म्हणून ठिपके. अंकलनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शिकागोत त्याला कुणी सांभाळलं?" मी मडी वॉटर्सचं नाव घेतलं, बडी उपाशी हिंडत असताना त्याला खाऊ घालणारा तो. अंकलनी मान हलवली. त्यांना गाडीपेक्षा ते महत्त्वाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मार्व्याला बोटीची वाट पाहताना ते रात्रीच्या बँडबद्दल बोलत होते. ढोलवाला चांगला, बासवाला फार चांगला, पण पितळी वाद्यं हवी होती, निदान एक ट्रम्पेट तरी. मग एकदम म्हणाले, "डिसेंबरात आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. टोस्ट तू द्यायचा." ख्रिश्चन लग्नात आणि वाढदिवसात हे भाषण मोठ्या मानाचं. घरात त्यांचे शिकलेले पुतणे होते, भाचे होते, चर्चमधले वक्ते होते. मी म्हणालो, माझ्याहून चांगलं बोलणारे खूप आहेत. ते म्हणाले, "असतील. त्यांना मी कुठे शिकवलंय?"

डिसेंबरात चर्चसमोर मांडव पडला. सगळं गाव होतं, माझी म्हातारी आई पहिल्या रांगेत होती. मी उभा राहिलो, पोट भरून श्वास घेतला आणि मराठीतून बोललो. रे चार्ल्सच्या त्या उरलेल्या वेळेची गोष्ट सांगितली, कांदिवली, मालाड, कोळंबी सांगितली, आंटींनी इतकी वर्षं आमचं भाडं वाढू दिलं नाही तेही सांगितलं. दोनदा अडलो, दोन्हीदा थांबलो आणि पुढे गेलो. ग्लास वर केला तसा बँडवाल्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली. त्यातला ट्रम्पेटवाला पोरगा अंकलच्याच हाताखाली तयार झालेला. आंटींनी अंकलचा हात धरून त्यांना नाचायला ओढलं. पहिल्याच फेरीत अंकलनी त्या पोराकडे बघून बोटाने खूण केली की वरचा सूर अजून लांबव.