वारा फिरायच्या आधी

जानेवारीत हरिश्चंद्रगडावर तंबू ठोकून राहायचं, तर रात्रीची सगळी कामं दिवस मावळायच्या आत उरकावी लागतात. हे मला पाचनईच्या एका मामांनी शिकवलं.

पाचनई हे अकोले तालुक्यातलं पायथ्याचं गाव. टोलार खिंडीतून येणाऱ्या वाटेपेक्षा इथली वाट सोपी आणि जवळची. दुपारी हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाशी पोचलो आणि थोड्या वेळाने कोकणकड्यावर गेलो. आत वळलेल्या त्या प्रचंड कातळावर खालचा वारा आदळून सरळ वर उसळत होता. पोटावर आडवं होऊनच खाली डोकावता येत होतं. मामांनी गवताची चिमूट काठावर सोडली, ती दरीत न पडता आमच्या डोक्यांवरून मागे उडाली.

तंबू कुठे लावावा, हे मी त्यांनाच विचारलं. "काठाला नको ताई. आत्ता कोकणातनं येतोय वारा, राती फिरंल. घाटावरनं येईल." बाजूलाच एक खोलगट भाग होता. तिथेही ते नको म्हणाले, "तिथं गार बसतं." निरभ्र रात्री जमिनीतली ऊब झपाट्याने निघून जाते, गार झालेली जड हवा उतारावरून ओघळून खोलगटात साचते. मामांनी निवडलेली जागा खळग्यापेक्षा जराशी उंच होती आणि तिच्या पूर्वेला कारवीची दाट जाळी होती.

तंबूची बुटकी बाजू पूर्वेकडे ठेवली, दार उलट दिशेला. चार बोटं मातीखाली कातळच लागला, खुंट्या आत जाईनात. मग प्रत्येक दोरी एका लांबट दगडाला बांधली आणि त्यावर दुसरा जड दगड ठेवला. मामा एकेक दोरी बोटाने छेडत फिरले, सैल लागली ती पुन्हा ताणायला लावली. ऊन होतं तोवरच घामाचे कपडे बदलून घेतले, टॉर्च आणि कानटोपी उशाशी ठेवली. गड अभयारण्यात येतो, त्यामुळे लाकूडफाट्याच्या भरवशावर राहायचा प्रश्नच नव्हता.

पिठलं-भाकरी खाऊन झाली आणि वारा पडला. तासाभराने तो पूर्वेकडून उठला, तो थेट तंबूच्या बुटक्या पाठीवर. तापमान ५ अंश असलं आणि वारा ताशी ४० किलोमीटर वेगाने वाहत असला, तर उघड्या कातडीला उणे १ अंशासारखा गारठा जाणवतो. अंगालगतचा उबदार हवेचा पातळ थर वारा सतत पळवून नेतो. अशा वेळी बाहेर जाऊन गारठलेल्या बोटांनी गाठी मारणं किती कठीण, ते त्या रात्री आतूनच कळत होतं. आमच्या दोऱ्या मात्र जागच्या हलल्या नाहीत.

आत जमिनीचा गारवा तोडायला जाड मॅट होती, पायांशी गरम पाण्याची बाटली. वारा आत येईल म्हणून झरोका बंद करावासा वाटतो, पण आम्ही तो थोडा उघडाच ठेवला. नाहीतर श्वासातली वाफ कापडावर जमते आणि पहाटे स्लीपिंग बॅग ओलसर होते.

सकाळी तारामतीकडे निघालो. हे गडाचं सर्वांत उंच शिखर. चढावर अंग तापायला लागताच मामांनी जाकिटं काढायला लावली. माथा थोडा वर राहिला असताना, अजून कुणालाही थंडी वाजत नव्हती तेव्हाच, त्यांनी आम्हाला कड्याच्या आडोशाला थांबवलं आणि ती पुन्हा घालायला लावली. वर पोचलो तेव्हा वारा उभंही राहू देत नव्हता. तरी आम्ही तिथे खूप वेळ रमलो. हिवाळ्यात गडावर मुक्कामाला निघणाऱ्यांना मी आता तेच सांगते: जाकीट थंडी वाजल्यावर घालायचं नसतं, त्याआधी घालायचं असतं. आणि तंबूची जागा ठरवण्याआधी गावातल्या माणसाला विचारायचं, रात्री वारा कुठून येतो.