दंड एकच, म्हणून न्यायही समान?

शनिवार पेठेत वाहतुकीचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं: "कायदा सर्वांना सारखा, मग सायकलवाल्यांना सूट कशाला?" मित्रांनो, सूट आम्ही मागतच नाही. बिनदिव्याची सायकल उलट दिशेने हाकून कुणी म्हातारीला पाडलं, तर शिक्षा झालीच पाहिजे. आमचा प्रश्न शिक्षेच्या मापाचा आहे.

मोटार वाहन कायदा सायकलीला लागू नाही. पण भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ सगळ्याच वाहनांना लागतं: बेदरकार हाकल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोची सायकल आणि टनभराची गाडी, मर्यादा एकच! गाडीवाल्यावर कलम १८४ चा जादा बोजा आहे म्हणाल, तर तोही पहिल्या वेळी १,००० ते ५,०००. एवढं बिल तो एका रात्रीत हॉटेलात भरतो. माल पोचवणाऱ्या पोराचा मात्र हजारात आठवड्याचा किराणा जातो.

बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता एकेरी. वळसा गाडीवाला पेट्रोलवर घालतो, सायकलवाला पायांवर. आणि आज सायकलवर उरलंय कोण? पेपरवाला, वॉचमन, हमाल. (पहाटे हेल्मेट घालून सिंहगडाकडे निघणारे हौशी वेगळे.) आमच्यातल्या एकाला चौकात अडवून चाकाची हवा सोडली. पावती नाही, दाद मागायची सोय नाही. गाडीवाल्याचं चलन मोबाइलवर येतं, महिनोन्‌महिने थकतं, मग लोकअदालतीत तडजोड होते.

१९ मे २०२४ ला कल्याणीनगरात भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंते मारले. अल्पवयीन चालकाला काही तासांत जामीन मिळाला, अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध. लोक संतापले, तेव्हा कुठे आदेश बदलला.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत हाच इशारा दिला होता: राजकारणात समता येईल, सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता राहील. सारखा दंड ही त्याच विसंगतीची पावती आहे. फिनलंडमध्ये १९२१ पासून गंभीर गुन्ह्यांचा दंड उत्पन्नावर ठरतो. २०२३ मध्ये ताशी ५० च्या हद्दीत ८२ ने गाडी हाकणाऱ्या एका धनिकाला १,२१,००० युरो भरावे लागले.

आपल्याकडे उत्पन्न कसं मोजणार, असं विचारतील. अहो, महाराष्ट्रात खासगी मोटारीचा रोड टॅक्स तिच्या किमतीवरच बसतो, ती किंमत आरटीओच्या दप्तरात आहे. कर किमतीवर घेता येतो, तर दंड का नाही?