माडीवरची सभा

२०२० च्या श्रावणातील गोष्ट. बेळगावी निवासी डॉक्टर म्हणून राबणारी आमची नात कोरोनातून उठून विश्रांतीसाठी नंदगडास घरी आली होती. एका संध्याकाळी माडीवर गेलो, तो ही खिडकीशी मोबाइल टेकवून बसलेली. पडद्यावर आठ-दहा चेहरे, आणि बाहेर कौलांवर पाऊस कोसळत होता.

“ही कसली सभा?” मी विचारले.

“आज्जा, हा आमचा जर्नल क्लब. बसा, पण बोलू नका.”

एकाने नवा संशोधन-लेख वाचून मांडायचा आणि इतरांनी त्याची उलटतपासणी करायची, अशी ही रीत. महागडी नियतकालिके वर्गणीने मागवून वाचता यावीत म्हणून ऑस्लर या डॉक्टरने १८७५ साली माँट्रिअलला असा क्लब काढला होता. साथीत एकत्र जमणे बंद झाले, तेव्हा तो आमच्या माडीवर आला!

मी जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. छापील अक्षर मला प्रमाण. पण त्या मुलांच्या बोलण्यातून कळले, की ‘लॅन्सेट’सारख्या मान्यवर नियतकालिकात २२ मे रोजी आलेला, सुमारे ९६,००० रुग्णांच्या माहितीवरचा लेख ४ जूनला मागे घ्यावा लागला, मूळ माहितीचीच खातरजमा होईना.

नंतर नातीने इंग्लंडमधील डेक्सामेथासोनची चाचणी मांडली. ६,४२५ रुग्ण, कोणाला औषध द्यायचे ते जणू चिठ्ठ्या टाकून ठरविलेले. कृत्रिम श्वासावर असलेल्यांतील मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले होते. ती उत्साहाने सांगत होती. तोच एका वडीलधाऱ्या डॉक्टरांनी विचारले, “आणि उपयोग कोणाला झाला नाही?” नात गप्प झाली. तो तक्ता तिने नीट पाहिलाच नव्हता. तिचा उतरलेला चेहरा पाहून मला त्या गृहस्थांचा रागच आला. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना काहीच लाभ नव्हता, हे तिने रात्री जागून वाचून काढले.

पुढे २०२१ च्या मे महिन्यात मला ताप भरला आणि तपासणीत कोरोना निघाला. एका स्नेह्यांनी काळजीपोटी त्याच औषधाच्या गोळ्या आणून दिल्या. गोळी हातात घेतली होती. सहज नातीला फोन लावला.

“आज्जा, ऑक्सिजन किती आहे?”

“सत्त्याण्णव.”

“मग ती गोळी तुमच्यासाठी नाही. तुम्हाला मधुमेह आहे, साखर भडकेल. बाजूला ठेवा.”

आठ दिवसांत मी हिंडू-फिरू लागलो. त्याच उन्हाळ्यात काळ्या बुरशीच्या बातम्या येऊ लागल्या. स्टेरॉइड घेतलेले मधुमेहीच त्यांत अधिक होते. त्या बातम्या वाचताना माडीवरचा तो प्रश्न आठवे. ज्या गृहस्थांवर मी मनातून रागावलो होतो, त्यांना मी आजवर पाहिलेले नाही. पण त्यांचा प्रश्न माझ्या कामी आला.