बंदूक बाहेर ठेवा, पण कुठे?

आमच्या मालवण तालुक्यात बंदूक म्हटलं की सिनेमातलं पिस्तूल डोळ्यांसमोर येत नाही. येते ती ठासणीची बंदूक. लांब नळीची, दारू ठासून भरायची, आजोबांच्या नावावरून वडिलांच्या नावावर आलेली. माकडं शहाळी पाडतात, रानडुकरं एका रात्रीत भाताचा कुणगा लोळवतात, म्हणून ती असते. बहुतेक वेळा नुसता बार काढायला. (जनावर मारायचं तर वनखात्याचा कायदा वेगळा, बंदुकीच्या परवान्यात ती मुभा येत नाही.) १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणजे दिल्लीत कायदा लिहिणाऱ्यांनाही हा शेतकरी माहीत होता.

प्रश्न आला तो पर्यटकांमुळे. आमचं दुकान किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पूर्वी गिऱ्हाईक वाडीतलंच. आता कोकम सरबत आणि खाजं घ्यायला पुण्या-मुंबईच्या गाड्या थांबतात. शेजारचे एक काका मळ्यातून येताना खांद्यावर बंदूक घेऊन चहापूड न्यायला आले, तेव्हा आत दोन लहान मुलं होती. त्यांच्या आईने मुलांना मागे ओढलं आणि काका गेल्यावर मला म्हणाली, "तुम्ही बोर्ड का नाही लावत?"

तिची भीती खोटी नव्हती. बंदूक कोणाची, कशासाठी, भरलेली की रिकामी, हे तिला कसं कळणार? बाबा म्हणाले, लाव बोर्ड. मी मजकूर लिहायला बसले आणि अडकले. 'शस्त्र घेऊन आत येऊ नये' एवढं पुरतं का? असा बोर्ड कायद्याने चालतो का? परवाना असलेल्या माणसाला तो लागू होतो का?

या प्रश्नाचं सगळ्यात काटेकोर उत्तर अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात आहे. तिथे परवानाधारकाला पिस्तूल घेऊन दुकानात येऊ द्यायचं नसेल, तर दंडसंहितेच्या कलम ३०.०६ प्रमाणे पाटी लागते. कायद्याने ठरवलेला मजकूर, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत, अक्षरं किमान एक इंच उंच, रंग उठून दिसणारे, जागा सगळ्यांना दिसेल अशी. पिस्तुलावर लाल रेघ मारलेलं नुसतं चित्र या कलमाखाली परवानाधारकाला बांधत नाही. अक्षर पाऊण इंचाचं निघालं तर वकील तेवढ्यावर भांडू शकतो. पाटी बरोबर असूनही आत गेला तर २०० डॉलरपर्यंत दंड. तोंडी सांगूनही हलला नाही तर गुन्हा मोठा होतो.

आपल्याकडे असं काही नाही. दुकानदाराच्या पाटीचा नमुना नाही, अक्षरांची उंची नाही, पाटी मोडल्याचा वेगळा दंडही नाही. बंधनं आहेत, पण ती भिंतीवर नसून परवान्याच्या अटींत आहेत. खास परवानगीशिवाय शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, लोकांच्या जमावात किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात न्यायचं नाही. आंगणेवाडीच्या जत्रेत कोणी 'बंदूक आणू नये' असं लिहिलेलं नसलं तरी मनाई आहेच. २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी बंदूक पूर्ण झाकलेली आणि आपल्या ताब्यात हवी. अट मोडली तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. म्हणजे काकांचा प्रश्न आमच्या बोर्डाच्या आधीच, बंदूक उघडी खांद्यावर टाकून रस्त्यावर आले तिथेच सुरू होतो. पण परवाना दाखवा असं म्हणण्याचा अधिकार पोलिसांना आहे, मला नाही.

मग माझ्या हातात काय? दुकान आमचं, कोणाला आत घ्यायचं ते आम्ही ठरवू शकतो. बाहेर जा म्हटल्यावर कोणी धमकवायला किंवा त्रास द्यायला थांबला, तर भारतीय न्याय संहितेतलं अतिक्रमणाचं कलम ३२९ आहे. चहापूड घ्यायला आलेल्या म्हाताऱ्यावर ते कोण लावणार!

खरी मेख काकांनीच दाखवली. बोर्डाचं त्यांच्या कानावर घातलं तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "लाय तू बोर्ड. पण माका सांग, बंदूक भायर ठेवून मी आत इलंय आनि कोणी ती उचलून नेली, तर पोलीस तुका इचारतले की माका?"

त्यांनाच विचारतील. शस्त्र सांभाळायची जबाबदारी परवानाधारकाची. मी म्हटलं, गल्ल्यामागे ठेवते तेवढा वेळ. मग कायदा पाहिला. परवाना नसलेल्या माणसाने दुसऱ्याची बंदूक धारकासमोर किंवा त्याच्या लेखी परवानगीने हाताळायची, तर कलम ३ मध्ये कारणं मोजकी: दुरुस्ती, परवान्याचं नूतनीकरण, धारकाच्या वापरासाठी. दुकानदाराने सांभाळायला ठेवणं त्यात नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा किमान दोन वर्षं, कमाल पाच. म्हणजे 'शस्त्र बाहेर ठेवा' ही साधी, सभ्य वाटणारी ओळ एक तर त्यांना गोत्यात आणते, नाही तर मला.

निवडणुकीत सरकारही असाच बोर्ड लावतं, फक्त जिल्हाभर. आचारसंहिता लागली की बंदुका जमा करायच्या नोटिसा निघतात. त्याबद्दल गावात कुरकुर असते, आणि ती रास्त आहे, कारण माकडं आचारसंहिता पाळत नाहीत. सरसकट सगळ्यांच्या बंदुका घेऊ नयेत, जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले यांच्या बाबतीत छाननी समितीने बघावं, असं निवडणूक आयोगाच्या सूचनांतच आहे. पण एक गोष्ट तिथे नीट आहे. बंदूक ठेवायला पोलीस ठाणं असतं आणि हातात पावती मिळते. माझ्या पाटीत ती सोय कुठून आणू?

म्हणून मनाईचा मजकूर खोडला. आता दाराशी मराठीत आणि हिंदीत लिहिलंय: 'बंदूक सोबत असल्यास बाहेरून हाक मारा. सामान आणून देऊ.' अक्षरं इंचापेक्षा मोठी आहेत, टेक्सासमुळे नव्हे, काकांना मोतीबिंदू आहे म्हणून.