महाडचें तळें आणि नातवाची विजेची बग्गी

मुंबईहून गोव्याकडे जाणारा राजमार्ग माणगांव आणि लोणेरें मागें टाकून दक्षिणेस उतरूं लागला, म्हणजे थोड्याच वेळांत गांधारपाल्याच्या डोंगरांत कोरलेलीं बौद्ध लेणीं दृष्टीस पडतात. लेणीं दिसलीं कीं महाड आलें असें समजावें. क्षेत्र महाबळेश्वरीं उगम पावलेली सावित्री पोलादपुरावरून खालीं येते, तिला येथें गांधारी मिळते, आणि बाणकोटच्या खाडीनें ती पुढें समुद्रास जाते. याच खाडीनें एके काळीं गलबतें महाडच्या बंदरापर्यंत येत. रायगड येथून सुमारें २५ किलोमीटर. इतिहास, व्यापार आणि पाणी या तिन्हींचा असा संगम लाभलेलीं गांवें आपल्या प्रांतांत फार नाहींत.

परंतु पाणी येथें जसें देतें तसेंच तें नेतेंहि. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं सावित्रीवरील जुना दगडी पूल पुरांत कोसळला आणि प्रवाशांनीं भरलेल्या एस्. टी. च्या दोन गाड्या नदीनें गिळल्या. २०२१ च्या जुलैंत सारें गांव पाण्याखालीं गेलें, व त्याच दिवसांत तालुक्यांतील तळीये या वाडीवर दरड कोसळली. गांवांतील भिंतींवर पुराच्या खुणा दाखवितांना लोक हात उंचावून दाखवितात.

अशा या गांवीं यंदा मार्गशीर्षांत जाण्याचा योग आला. माझे मेहुणे तेथें राहतात. बरोबर माझा सोळा वर्षांचा नातू होता, आणि त्याच्या पेटींत त्याची बग्गी होती.

बग्गी म्हटली कीं आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढें घोड्याची गाडी येते. ही बग्गी निराळी. ती दोन विती लांब, वीतभर रुंद व वजनानें सुमारें दीड किलो असून विजेवर चालते. हांकणारा दूर उभा राहून हातांतील यंत्रानें तिला बिनतारी आज्ञा देतो. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाचें हें वाहन केवळ खेळणें नव्हे. जपानच्या टामिया कंपनीनें १९७९ सालीं ‘रफ रायडर’ नांवाची अशी गाडी बाजारांत आणली. १९८४ त अमेरिकेंतील असोसिएटेड कंपनीची ‘आर. सी. १०’ ही खास शर्यतीसाठीं घडविलेली गाडी निघाली. आणि १९८५ सालीं कॅलिफोर्नियांत डेल मार येथें यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. पुढें मासामी हिरोसाका या जपानी खेळाडूनें चौदा जगज्जेतेपदें मिळविलीं. ही माहिती नातवानें मला एस्. टी. तच पढविली.

पुण्यास तो आपल्या मित्रांबरोबर गालिचा अंथरलेल्या दालनांत गाडी धांववीत असे. महाडास गालिचा कोठला? मेहुण्यांच्या घरामागें भाताचें खाचर होतें. कापणी होऊन गेलेली, जमीन वरून टणक, तीवर बारीक धुळीचा थर, आणि मधूनमधून धसकटें. मुलांनीं धसकटें उपटून लंबवर्तुळाकार वाट केली. गाडी सोडली मात्र, ती पहिल्याच वळणावर गिरकी घेऊन उलट तोंडानें उभी राहिली.

मग सुरू झालें सांगाड्याचें शास्त्र. त्याची गाडी मागच्या दोन चाकांवर चालणारी. गालिच्यावर चाकें घट्ट धरतात, म्हणून तेथें मोटार मागच्या आंसाच्या पुढें, म्हणजे गाडीच्या मध्याकडे ठेवतात. भार सर्वत्र वांटला जातो व गाडी चपळाईनें वळते. धुळींत मात्र चाकांखालीं आधार थोडा. घर्षण भारावर अवलंबून, हें आपण शाळेंत शिकलेलोंच आहोंत. तेव्हां चालविणाऱ्या चाकांवर भार अधिक हवा. मोटारीची जागा बदलणें तेथें शक्य नव्हतें, म्हणून त्यानें बॅटरी दोन बोटें मागें सरकविली. सांगाड्याची जमिनीपासूनची उंची १८ मिलिमीटरांवरून २४ वर नेली. कमानी नरम घातल्या व धक्के शोषणाऱ्या नळ्यांत पातळ तेल भरलें, जेणेंकरून प्रत्येक खळग्यांत चाक जमिनीस चिकटून राहावें. मागचीं चाकें पुढील बाजूस किंचित् आंत वळविलेलीं, प्रत्येकीं तीन अंश, तीं मात्र तशींच ठेवलीं. त्यामुळें गाडी सरळ जाण्यास स्थिर राहते.

“सगळाच भार मागें कां नेत नाहींस?” मीं विचारलें.

“मग पुढचीं चाकें हलकीं होतात, आजोबा. वेग दिला कीं गाडी वळतच नाहीं. एक घ्यायचें तर दुसरें थोडें सोडावें लागतें.”

त्यानंतर त्यानें मामीआजीच्या स्वयंपाकघरांतील वजनकांटा मागून आणला. डावीं चाकें कांट्यावर आणि उजवीं तेवढ्याच उंचीच्या वहीवर ठेवून, मग उलट करून, दोन्ही बाजूंचीं वजनें टिपलीं. डावी बाजू ३५ ग्रॅम जड निघाली. तेवढें शिसें उजवीकडे चिकटविल्यावरच त्याचें समाधान झालें. नाहींतर गाडी एका बाजूस जसें वळण घेते तसें दुसऱ्या बाजूस घेत नाहीं.

आतां गाडी उत्तम धांवूं लागली. पण तिसऱ्या फेरीस तिचा वेग मंदावला, सुकाणू एकाएकीं मुकें झालें, आणि ती सरळ जाऊन बांधावर आदळली. मोडलें कांहीं नाहीं. हात लावून पाहतों तों बॅटरीच्या तारेवरील एक सांधा चटका बसण्याइतका तापलेला!

कारण उघड होतें. बॅटरी मागें नेल्यावर जुनी तार पुरेना, म्हणून नातवानें घाईंत बारीक तारेचा तुकडा जोडला होता. सांगाड्यांतील एक फेरफार तारांपर्यंत कसा जाऊन पोहोंचतो याचें हें उदाहरण. गाडीच्या बॅटरींत लिथियमच्या दोन घटिका असतात. प्रत्येकीचा दाब साधारण ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. म्हणजे उणापुरा ८.४ व्होल्टांचा संसार! पण वेग घेतांना प्रवाह ६० अँपियरपर्यंत सहज जातो. बारा गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरास सुमारें ५.२ मिलिओम, सोळा गेजच्या तारेचा १३.२. वीस सेंटिमीटर तारेंत पहिलीमध्यें पावणेचार वॉट उष्णता होते, दुसरीमध्यें साडेनऊ. सांधा जर कच्चा राहिला आणि त्यानें एक शतांश ओम एवढाच अडथळा केला, तर त्या एका ठिपक्यांत ३६ वॉट जळतात व सहा दशांश व्होल्ट दाब फुकट जातो. सांधा हलून क्षणभर सुटला, तर आज्ञा ग्रहण करणारें यंत्रहि मुकें होतें. तसेंच झालें होतें.

महाडच्या बाजारपेठेंत शेतावरचे पंप आणि कारखान्यांतील मोटारी गुंडाळून देणाऱ्या एका कारागिराचें दुकान आहे. पन्नाशीचे गृहस्थ, बोटें तांब्याच्या तारेनें काळवंडलेलीं. त्यांनीं गाडी हातांत घेतली, चष्मा कपाळावर सारला व सांधा पाहिला.

“गुरुजी, सांधा दिसतो, पण लागलेला नाहीं. हा थंडा सांधा. बघा, डाख वर बसलाय, मातकट, दाणेदार. आंत तांब्याला तांबें भेटलेलेंच नाहीं.”

मग त्यांनीं नातवास शेजारीं बसविलें व सारें त्याच्याच हातून करविलें. आधीं दोन्ही टोंकें घांसून त्यांवर डाखाची कल्हई चढवावी. ऊष्णता डाखास देऊं नये, तारेस द्यावी. तार तापली म्हणजे डाख आपण होऊन तिच्यांत शिरतो. निवेपर्यंत हात हालूं देऊं नये. चकचकीत सांधा साधला तेव्हां कारागीर केवळ “हं” म्हणाले, पण मुलाच्या चेहऱ्यावर जें उमटलें तें मीं माझ्या वर्गांत प्रथम क्रमांक मिळविणाऱ्यांच्या चेहऱ्यावरहि क्वचित् पाहिलें आहे.

जोडतुकडा काढून टाकून बारा गेजची अखंड तार घातली. बॅटरीकडची तार जितकी आंखूड तितकी बरी, हें नातवास ठाऊक होतें. ती लांबली कीं प्रवाह तोडतांना दाबाचे झटके उठतात व वेगनियामकाच्या संधारित्रावर ताण पडतो. म्हणून त्यानें नियामकच बॅटरीजवळ नेला आणि मोटारीकडच्या तीन तारा थोड्या वाढविल्या. चाकांच्या भुजा खालींवर होतांना तारा ओढल्या जाऊं नयेत एवढा ढिलेपणा ठेवला, दांत्यांजवळ कांहीं येऊं नये म्हणून त्या बांधून टाकल्या, आणि ग्रहणयंत्राची शेपटीसारखी तार मोटारीपासून दूर, उभी ठेवली. कारागिरांनीं मजुरी रीतसर घेतली; तीहि वाजवी.

माझें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. मुलांना मी सांगत असें कीं, दोन वर्ण अत्यंत जवळ आल्यावांचून संधि होत नाहीं. व्याकरणांत त्या जवळिकेस संहिता म्हणतात. त्या दुकानांत बसलों असतां मनांत आलें, आम्हीं हें पाठ करविलें, परंतु हातांनीं करण्याचें सारें काम दुसऱ्याकडे सोंपवून त्याच्यापासूनहि आपण दूर बसलों.

दुकान बंद करून कारागीर आमच्याबरोबर चवदार तळ्यापर्यंत आले. गांवाच्या मध्यभागीं, चहूं बाजूंस घरें आणि रस्ते, उतरण्यास पायऱ्या, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा. नातवानें पाठ्यपुस्तकांत वाचलें होतें, तरी मीं त्यास क्रमानें सांगितलें. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ सालीं मुंबईच्या कायदेमंडळानें मंजूर केला. १९२४ त महाडच्या नगरपालिकेनें हें तळें खुलें केल्याचा ठराव केला. पुढें सुरेंद्रनाथ टिपणीस या नगरपालिकेचे अध्यक्ष होते व ते या कार्यांत उभे राहिले. तरीहि २० मार्च १९२७ रोजीं बाबासाहेब हजारों लोकांसह येथें येऊन ओंजळभर पाणी प्याले, तोंपर्यंत त्या ठरावाचा एक थेंबहि कोणाच्या हातीं लागला नव्हता. त्याच दिवशीं वीरेश्वराच्या देवळांतहि शिरणार अशी आवई उठवून परिषदेस आलेल्या लोकांवर हल्ले झाले. मग तळ्याची ‘शुद्धि’ झाली: शेण, गोमूत्र, दूध, दहीं यांनीं भरलेल्या १०८ घागरी, आणि मंत्रघोष. ज्या भाषेवर मीं पोट भरलें तिचाच तो घोष होता, हें नातवापुढें सांगतांना मीं आवाज खालीं आणला नाहीं. डिसेंबरांत पुन्हां परिषद भरली. मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव तेथें मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्मानें ब्राह्मण होते, हेंहि सांगितलें. तळें आमचेंच असा दावा लावणाऱ्यांचा खटला दहा वर्षें चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें तो शेवटचा फेटाळला.

मुलगा बराच वेळ पाण्याकडे पाहत होता. मग म्हणाला, “म्हणजे १९२४ चा ठराव हा थंडा सांधाच कीं, आजोबा.”

कारागीर पायरीवर बसले होते. ते म्हणाले, “माझे आजोबा होते त्या दिवशीं. पाणी प्याले, आणि गांवीं परततांना डोकें फुटलें. आम्ही लहानपणीं विचारायचों, चव कशी होती हो? म्हणायचे, पाण्यासारखीच.”

यावर बोलण्यासारखें माझ्यापाशीं कांहीं नव्हतें. वाचकांपाशीं असल्यास त्यांनीं तें आपल्या घरांत, मुलांसमोर बोलावें, एवढेंच सुचवितों.

दुसऱ्या दिवशीं खाचरांत गाडी सतरा फेऱ्या अखंड धांवली. शेवटीं नातवानें सांध्यास बोट लावून पाहिलें. तो केवळ कोमट होता. बांधावर जमलेल्या वाडींतल्या मुलांची रांग लावून त्यानें प्रत्येकास दोन दोन फेऱ्या दिल्या.

ज्या घरीं असा छंद शिरला असेल तेथील वडील मंडळींस दोन सूचना. लिथियमची बॅटरी भरत असतां कोणी तरी जवळ असावें, ती फरशीवर ठेवावी, फुगलेली बॅटरी पुन्हां वापरूं नये, आणि बरेच दिवस ठेवावयाची तर प्रत्येक घटिका ३.८ व्होल्टांच्या आसपास ठेवावी. दुसरें असें कीं, तुटलेलें यंत्र मुलाच्या हातून हिसकावून दुकानांत टाकून येऊं नये. मुलासहि दुकानांत बसूं द्यावें. खर्चाचा विचार मीहि केला. पण आम्हीं महाडहून परततांना पेठेंतून विकत घेतलें तें साठ वॉटचें डाख देण्याचें हत्यार, शिकवणीच्या एका महिन्याच्या शुल्काहून पुष्कळच स्वस्त पडलें.