विचारपूस

लाईन आली की आधी छताचा पंखा कण्हायचा, मग स्टॅबिलायझरचा काटा थरथरत वर चढायचा, आणि मग तो आवाज यायचा. एकच, आखूड, बारीक शीळ. तिच्या मागोमाग कीबोर्डवरचे तीन हिरवे दिवे एकदम लागून विझायचे, फ्लॉपीच्या फटीत काहीतरी करकरत पुढे जाऊन मागे यायचं, आणि हार्ड डिस्क आतल्या आत कुरकुरू लागायची. कितीतरी गाणी विसरले, माणसांचे आवाज पुसट झाले, पण हा क्रम अजून कानात जसाच्या तसा आहे.

बुलढाण्यातल्या एका क्लासची ती खोली. धूळ आत येऊ नये म्हणून चपला बाहेर काढायच्या. यंत्रांवर शिवलेले कापडी अभ्रे. पावसाळ्यात खिडकीशी येऊन थांबलेलं डोंगरावरचं धुकं. मी मोताळ्याकडून एसटीने राजूर घाट चढून यायचे. वर पोचलं की हवा बदलायची, अंगावर हलकासा काटा यायचा, आणि त्या गारव्यातच खोलीतला तापलेल्या धुळीचा, प्लास्टिकचा वास मिसळलेला असायचा. २००५च्या आसपासचे भारनियमनाचे दिवस. थकलेल्या बॅटऱ्यांचा यूपीएस जरा वेळ कण्हून गप्प व्हायचा, पडदे काळे व्हायचे, आणि आम्ही अंधारात गप्पा मारत बसायचो. मग कुणीतरी ओरडायचं, "लाईन आली रे पोराहो!" आणि पुन्हा ती शीळ. एका दुपारीत कितीदा तरी. यंत्र जागं होण्याचा आवाज आमच्या वाट्याला इतका आला, तो त्या जाणाऱ्या-येणाऱ्या विजेमुळे.

बहुतेक यंत्रांवर जागं होणं झाकलेलं असे. एक रंगीत चित्र, खाली सरकणारी पट्टी, आणि थोड्या वेळाने तयार पडदा. कोपऱ्यातल्या एका जुन्या यंत्रावर मात्र सरांनी मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स ही कार्यप्रणाली टाकली होती. तिथे काहीच झाकलेलं नव्हतं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी झरझर वर जायच्या, मध्येच एखादीपाशी अडखळायच्या, पुन्हा धावायच्या. सर एकेका ओळीवर बोट ठेवायचे. "पाहा, आता ते विचारते आहे," म्हणायचे. "कोण कोण आहे म्हणून."

ते विचारणं मला त्या वयात लागलं ते लागलंच.

कर्नल, म्हणजे त्या सगळ्या व्यवस्थेचा गाभा, उठतो तेव्हा त्याला जवळजवळ काहीच ठाऊक नसतं. काल रात्री हेच कार्ड याच खाचेत होतं हे त्याला आठवत नाही. तो आधी बायोसकडे, म्हणजे त्याच्याही आधी जाग्या होणाऱ्या प्रोग्रामकडे, मेमरीचा नकाशा मागतो: कुठली जमीन मोकळी, कुठली राखीव. मग प्रोसेसरला विचारतो, तू कोण, तुला काय काय येतं. मग एक रिकामा फेरा पुन:पुन्हा मारून स्वतःचाच वेग अजमावतो. बोगोमिप्सची ती ओळ पडद्यावर उमटायची ती इथे. आणि मग तो पीसीआयच्या, म्हणजे कार्डं जिला जोडलेली असतात त्या वाटेला लागतो. या वाटेवर प्रत्येक बसला बत्तीस घरं, प्रत्येक घरात फार तर आठ बिऱ्हाडं, आणि प्रत्येक उंबऱ्यावर एकच प्रश्न. तिथे कुणी असेल तर ते सोळा बिटांचा आपल्या उत्पादकाचा क्रमांक सांगतं. इंटेलचा ८०८६, त्यांच्या १९७८ सालच्या चिपचंच नाव. रियलटेकचा १०ईसी. मग उपकरणाचा स्वतःचा क्रमांक, मग त्याची जात: पडद्याचं, आवाजाचं, तारेवरून बोलण्याचं.

आणि कुणीच नसेल तर? तर हाती सगळे एक येतात. सोळाच्या सोळा एक. हा क्रमांक कुठल्याच उत्पादकाला दिलेला नाही. तो फक्त रिकाम्या जागेचा. कर्नल तो वाचतो आणि पुढच्या दाराशी जातो.

गावी लाईन गेली की आजी ओसरीवर बसल्या जागेवरून एकेकाला हाक मारायची. माजघरात कोण, परसात कोण, गोठ्याकडे कोण गेलं आहे, सगळ्यांची नावं घेत. आम्ही अंधारातून "हो" म्हणायचो. धाकटा काका पुण्याला कंपनीत लागून कितीतरी वर्षं झाली होती, तरी त्याचंही नाव ती घ्यायची. जरा थांबायची. उत्तर नाही हेही नीट ऐकून घ्यायची, आणि मग पुढचं नाव. ती विसरली आहे असं आम्हा मुलांना वाटायचं. सरांनी त्या रिकाम्या खाचेचं उत्तर समजावलं त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं की ती विसरत नव्हती. घरात जेवढ्या जागा होत्या तेवढ्या सगळ्यांना ती विचारत होती. ती गेल्यावरही बरीच वर्षं, लाईन गेली की माझं बोलणं आपसूक थांबायचं.

असो.

विचारपूस नुसत्या नावावर संपत नाही, हे मला फार आवडतं. उपकरण सापडलं की कर्नल त्याला विचारतो, तुला जागा किती लागेल? ही रीत इतकी साधी आहे की पहिल्यांदा समजली तेव्हा मी वहीत पुन:पुन्हा लिहून पाहिली. उपकरणाच्या पत्त्याच्या रकान्यात तो सगळे एक लिहितो आणि लगेच परत वाचतो. ज्या बिटांना उपकरण हात लावू देत नाही ती शून्यच राहिलेली असतात, आणि त्या शून्यांवरून त्याची गरज कळते. मग कुणाच्या अंगणात कुणाचा पाय पडणार नाही असा पत्ता ठरतो. बायोसने आधीच दिलेला असेल आणि ठीक असेल, तर तोच राहतो. कुठल्या तारेवरून त्याने हाक मारायची तेही ठरतं. मग ड्रायव्हर पुढे येतात, प्रत्येकाच्या हाती आपण ओळखतो त्या क्रमांकांची यादी. जुळलं की ड्रायव्हर उपकरणाशी दोन शब्द बोलून पाहतो आणि म्हणतो, हे माझं. तेव्हा कुठे पडद्यावर ती ओळ येते.

हे सौजन्य पहिल्यापासून नव्हतं. पीसीआय आलं १९९२मध्ये. त्याआधीच्या आयएसए कार्डांना कुणी असं विचारूच शकत नसे. कार्डावर बारीक जंपर असत, ते चिमट्याने हलवून माणसानेच पत्ता ठरवायचा आणि तोच यंत्राला सांगायचा. साऊंड कार्ड बहुधा २२०वर, नेटवर्कचं कार्ड ३००वर. कर्नल अंदाजाने दारं ठोठावायचा, आणि भलत्याच कार्डाच्या दारी पडलेला प्रश्न अख्खं यंत्र गोठवू शकायचा. सर हे सांगताना आवाज खाली आणायचे. विचारणंही धोक्याचं असतं, असा एक काळ होता. मग १९९६मध्ये यूएसबी आलं आणि उपकरण आपणहून हात वर करू लागलं: टोक खोचलं की आतला दीड किलोओहमचा रोधक दोन डेटा-तारांपैकी एक वर ओढतो, हबला चाहूल लागते. नवा आलेला आधी शून्य पत्त्यावर उभा राहतो, मग त्याला एक ते एकशे सत्तावीसमधला एक पत्ता मिळतो, आणि मग तो स्वतःविषयी सांगू लागतो.

हे सगळं विचारणारं लिनक्स लिनस टोरवाल्ड्सने हेलसिंकीत पहिल्यांदा लोकांपुढे ठेवलं ते १९९१मध्ये. त्याच साली पुण्याच्या सी-डॅकमध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला, आणि त्यामागचे विजय भटकर आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. सर हे सांगायचे तेव्हा खिडकीबाहेर, घाटाच्या दिशेने, जरा अभिमानाने पाहायचे. डोंगरावरच्या, रेल्वे नसलेल्या बुलढाण्यात ती दोन्ही नावं एका दमात ऐकताना जवळची वाटायची.

आता माझ्या हातातला फोनही त्याच कर्नलवर चालतो. पण त्याच्या आतल्या बऱ्याच चिपांना विचारण्याची सोयच नाही. कोण कुठे बसलं आहे याची लिहिलेली यादी त्याला आधीच हाती मिळते. काम होतं, झटकन होतं, आणि यादी नसती तर फोन उठलाच नसता हेही मला कळतं. तरी माझं मन त्या जुन्या रीतीपाशी रेंगाळतं. ओळखीची माणसं, ओळखीचं घर, तरी रोज नव्याने विचारणं. मी स्वतः आठवणीवर जगते. कोण कुठे असेल हे गृहीत धरते, आणि मग एखाद्या सकाळी ती जागा रिकामी निघते. यंत्रात मला काही कोमल दिसलं असेल तर ते हेच: त्याने कालच्या हजर माणसालाही आज पुन्हा विचारलं.

काळ्या पडद्यावरच्या त्या ओळी आजच्या यंत्रांतही आहेत. कर्नल त्या मेमरीत एका गोल फिरणाऱ्या जागेत ठेवतो. नव्या येतील तशा सर्वांत जुन्या पुसल्या जातात, आणि यंत्र बंद केलं की सगळ्याच जातात. बहुतेक लिनक्समध्ये आज सुरुवातीच्या आज्ञेत 'क्वाएट' हा एक शब्द घातलेला असतो, म्हणून त्या दिसत नाहीत. यंत्र सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीपाशी ई दाबून तो शब्द, आणि शेजारी 'स्प्लॅश' असेल तर तोही, पुसला की झालं. तेवढ्या वेळापुरतं सगळं उघडं होतं.

तुमच्या गावच्या शाळेत अभ्र्याखाली पडलेलं एखादं जुनं यंत्र असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा त्यावर हलकं लिनक्स टाकून पाहा. ते शब्द पुसा, आणि मुलांना पडद्यासमोर बसवून त्या ओळी वाचू द्या. एखाद्या ओळीवर बोट ठेवून थांबा. त्याला पैसे पडत नाहीत, आणि रियलटेकचं ८१३९, आमच्या क्लासमधल्या यंत्रांत होतं ते नेटवर्क कार्ड, लिनक्सला आजही ओळखता येतं.